उणे सात अंशांत द्राक्षतोड: थंड मुलखातली रिसलिंग समजून घेताना

परभणीचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की जालना जिल्ह्यातल्या आमच्या मामांची झोप उडते. घड ऐन भरात असतात. मग बांधावर पालापाचोळा पेटवून बागेत धूर करायचा, पहाटे तीनला उठून ठिबक चालू करायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. जर्मनीतला डोंगरउतार, सगळीकडे बर्फ, कपाळाला दिवे बांधलेली माणसं आणि क्रेटमध्ये पडताना गोट्यांसारखी खडखड वाजणारी द्राक्षं. मागोमाग फोन आला. "हे बघ, बर्फात द्राक्षं तोडायलेत. आपल्याकडं पारा सहावर आला की मण्याला तडे जायलेत, अन् ह्यांचा माल उणे सातला तयार व्हायलाय. हे कसं काय?"

फोनवर मला धड सांगता आलं नाही. प्रश्न वाटला त्याहून खोल होता. त्याचं उत्तर वेलीच्या झोपेपासून सुरू होतं आणि पन्ह्यातल्या गुळापाशी येऊन पोचतं.

हे रिसलिंग म्हणजे काय?

व्हिडिओतली द्राक्षं रिसलिंग जातीची होती. पांढरी वाइन करण्यासाठीची ही जात. मणी लहान, बीवाला, पिकल्यावर पिवळसर आणि त्यावर तपकिरी ठिपके. आपल्या थॉमसन या बिनबियांच्या खाण्याच्या जातीच्या लांब मण्याशेजारी ठेवली तर बाजारात कोणी हात लावणार नाही. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या परिसरातल्या एका सरदाराच्या १४३५ सालच्या हिशेबात या जातीच्या रोपांच्या खरेदीची नोंद आहे, म्हणजे जात सहाशे वर्षांची जुनी. आज तिची सर्वांत मोठी लागवड जर्मनीतच आहे. ऱ्हाइनला मिळणाऱ्या मोझेल नदीचं खोरं तिच्यासाठी नावाजलेलं.

मोझेल आहे साधारण ५० अक्षांशावर, आपला मराठवाडा १८ ते २० वर. इतक्या उत्तरेला द्राक्ष जगतं हेच नवल. पण रिसलिंगची सगळी ख्याती त्या थंडीमुळेच आहे. थंडीशी झगडून ती पिकते हे अर्धंच खरं. थंडी तिच्यात काय घडवते, ते पुढे बघू.

आपली वेल झोपतच नाही

द्राक्ष मुळात समशीतोष्ण मुलखातलं. तिकडे नोव्हेंबरात पानं पिवळी पडून गळतात आणि वेल चार-पाच महिने झोपी जाते. या झोपेला सुप्तावस्था म्हणतात. झोपण्याआधी वेल तयारी करते: हिरवी काडी तपकिरी होते, काडीतलं आणि तिच्यावरच्या डोळ्यांतलं (ज्यांतून नवा कोंब फुटतो त्यांतलं) पाणी कमी होतं, साठवलेल्या पिष्टाची साखर होते. मटका कुल्फीवाल्याच्या डब्यात बर्फाबरोबर खडे मीठ का असतं, आठवा. मीठ विरघळलेलं पाणी शून्याला गोठत नाही. काडीतली साखर तेच काम करते. नीट पक्व झालेली रिसलिंगची काडी उणे वीसच्या आसपासची थंडी सोसते, आणि काहीशे तासांची थंडी भोगल्याशिवाय तिचे डोळे वसंतात एकसारखे फुटतही नाहीत.

आपल्याकडे एवढी थंडी पडतच नाही, म्हणून वेल वर्षभर जागी. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याला नवल वाटलं ते यामुळेच. आजही आपण दोन छाटण्या करतो: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळ धरायला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईड या डोळे फुटवणाऱ्या रसायनाचं पेस्टिंग करतो, ते एका अर्थी न झालेल्या झोपेची भरपाईच. जे काम तिकडे हिवाळा फुकट करतो, त्यासाठी आपण बाटली विकत आणतो आणि हातमोजे घालून डोळा न् डोळा माखतो.

मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. जानेवारीत तिकडची वेल गाढ झोपेत असते आणि आपली भर कामात. पानं हिरवी, मुळं पाणी ओढतायत, मणी पाण्याने तट्ट भरलेला. रात्री पारा पडला की पानांतून बाष्प जाणं थांबतं, पण आतला दाब कमी होत नाही आणि पातळ साल तडकते.

मग तिकडे दंवाचं भय नसतं का?

असतं, आणि भारी असतं. फक्त महिना वेगळा. एप्रिलच्या शेवटी कोवळा कोंब बाहेर आला की त्याची ताकद गेली. उणे दोन-तीनला तो जळून काळा पडतो. २०१७ आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपात अशाच एक-दोन रात्रींत बागाच्या बागा गेल्या. गारपिटीनंतरच्या सकाळी आपला बागायतदार बांधावर जसा उभा असतो, तसेच ते उभे होते. रिसलिंगची एक जमेची बाजू म्हणजे तिचे डोळे बऱ्याच जातींपेक्षा उशिरा फुटतात, त्यामुळे ती पुष्कळदा वाचते.

वाचवण्याचे उपाय आपल्या शेकोटीसारखेच आहेत: ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या, वरची उबदार हवा खाली ढकलणारे पंखे. एक उपाय मात्र ऐकल्याबरोबर पटत नाही. काही ठिकाणी रात्रभर तुषार सिंचनाने कोंबांवर पाणी मारतात. पाणी गोठतं, कोंब काचेच्या कवचात अडकल्यासारखा दिसतो आणि त्यामुळेच वाचतो. माठातलं पाणी गार का होतं? झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. इथे बरोबर उलट घडतं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, म्हणून पाणी पडत राहील तोवर कवचातला कोंब शून्याच्या आसपास टिकतो. मध्येच मोटार बंद पडली तर मात्र सगळं गेलं. रात्रीच्या लोडशेडिंगची सवय असलेल्या आपल्या माणसाला ही धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.

थंडीत द्राक्ष आंबटच राहणार ना?

हा सगळ्यात रास्त प्रश्न, आणि सगळी गंमत इथेच आहे.

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात. एक टार्टारिक, म्हणजे चिंचेतलं. दुसरं मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं. चिंचेचं आम्ल चिवट. ऊन सोसून टिकतं. सफरचंदाचं आम्ल मात्र मणी श्वास घेताना जाळतो, आणि जितकी ऊब जास्त तितका जाळतो. मण्यात पाणी उतरू लागल्यावर, म्हणजे कडक मणी मऊ होऊन पिकू लागल्यावर, दिवस तापलेले आणि रात्रीही उबदार असल्या, तर साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा त्याच वेगाने उतरतो. खाण्याच्या द्राक्षाला हे हवंच असतं. आपण रिफ्रॅक्टोमीटरवर १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघतो आणि व्यापाऱ्याला फोन करतो.

मोझेलची रिसलिंग तोडतात तेव्हा पुष्कळदा तिचाही ब्रिक्स १८-१९ च असतो. साखर जवळपास आपल्याएवढीच. फरक आहे तो त्या साखरेबरोबर शिल्लक राहिलेल्या आम्लात: लिटरभर रसात आठ-दहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त. आणि फरक आहे वेळेत. एप्रिलअखेर फुटलेली वेल ऑक्टोबरात तोडणीला येते, म्हणजे जवळजवळ सहा महिने. आपली थॉमसन गोडी छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांत हातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे दिवसाचं ऊन मवाळ आणि रात्री गार. साखर हळूहळू भरते, आंबटपणा टिकतो आणि सालीत सुगंधाची द्रव्यं साचायला वेळ मिळतो. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, पीच, फुलांचा वास, जे काही लोक रिसलिंगमध्ये शोधतात ते या सावकाशीतून येतं. चुलीच्या निखाऱ्यावर आटवलेलं दूध आणि गॅसच्या मोठ्या आचेवर आटवलेलं दूध यांतला फरक ज्याने चाखला आहे, त्याला हे चटकन कळेल.

उतार, पाटी आणि आपला स्लॅब

थंडी चांगली म्हणून कितीही थंडी चालते असं नाही. तिथे एका टोकाला द्राक्ष पिकतच नाही. म्हणून मोझेलचा शेतकरी उन्हाचा कण न् कण गोळा करतो. सूर्य तिरपा, म्हणून बाग दक्षिणेकडे तोंड केलेल्या खड्या उतारावर लावायची, म्हणजे किरणं सरळ पडतात. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा उतार काही ठिकाणी ६५ अंशांचा आहे. दौलताबादच्या किल्ल्याचा तासलेला कडा आठवावा अशी ती चढण, आणि त्यावर माणसं छाटणी करतात, क्रेट वाहतात. काही ठिकाणी एकाच रुळावरून चालणारी छोटी गाडी असते. ट्रॅक्टरचा तिथे उपयोग नाही.

जमीन कसली, तर पाटीच्या दगडाच्या कपच्या, आपण शाळेत ज्यावर लिहायचो तोच दगड. दिवसभर तापतो, रात्री ऊब सोडत राहतो. मे महिन्यात आपण रात्री अकराला गच्चीवर अंथरूण टाकतो तेव्हाही स्लॅबचा चटका पाठीला लागतो ना, तेच. आपल्याला नकोशी असलेली ही ऊब तिकडे ऑक्टोबरात अनमोल असते. खाली वाहणारी नदीही हवेची तीव्रता मोडते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात फिंगर लेक्स नावाच्या लांबट तळ्यांच्या काठीही रिसलिंग होते. हिवाळा मोझेलपेक्षा कडक, त्यामुळे युरोपातली जात इथे जगणार नाही असंच सगळे धरून चालले होते. कॉन्स्टँटिन फ्रँक हे मूळचे युक्रेनचे, १९५१ साली अमेरिकेत गेलेले द्राक्षतज्ज्ञ. मायदेशातल्या हिवाळ्यात वेली जगवल्याचा अनुभव गाठीशी होता. योग्य खुंटावर, म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर, कलम केलं तर जमतं, हे त्यांनी दाखवलं आणि १९६२ मध्ये स्वतःची वाइनरी उभी केली. त्या भागातलं सेनेका तळं सुमारे १८८ मीटर खोल आहे. एवढं पाणी लवकर गार होत नाही, म्हणून काठावरच्या बागा वाचतात. आपण क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरिजचा खुंट वापरतो, त्यांनी थंडीसाठी खुंट निवडला. विचार एकच.

पावसाची एक गोष्ट मला फार लागली. मोझेलमध्ये वर्षाचा पाऊस साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि मराठवाड्याची सरासरीही त्याच घरातली. पण तिकडे तो बारा महिन्यांत थोडा थोडा पडतो, आणि बहुतेक जुन्या बागांना ठिबकची नळी माहीतही नाही. आपल्याकडे चार महिन्यांत पडून जातो, मग शेततळं, टँकर आणि २०१६ सारखी लातूरला पाण्याची रेल्वे. आकडा तोच असून दोन वेगळी आयुष्यं.

रसाची वाइन होताना

तोडणी झाली की मणी दाबून रस काढतात आणि साल लगेच बाजूला करतात. रसात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ढोबळ हिशेब असा: लिटरमधली १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल. रसात १९० ग्रॅम साखर असेल आणि सगळी संपू दिली, तर साधारण ११ टक्के अल्कोहोल असलेली कोरडी वाइन होते. पण ८ टक्क्यांवर थांबवलं तर १३६ ग्रॅम साखर खर्च होते आणि ५४ ग्रॅम गोडवा शिल्लक राहतो. थांबवायचं कसं? टाकी खूप गार करून यीस्ट सुस्त करायचं, गाळायचं आणि थोडा सल्फर डायऑक्साइड द्यायचा. पूर्वी तळघरच इतकं गार असे की हिवाळा लागताच आंबणं आपसूक मंदावे. आंबणं हळू, कमी तापमानात चालू ठेवायचं हाही नियमच, कारण तापलेल्या टाकीतून सुगंध उडून जातो.

लिटरला पन्नास ग्रॅम साखर म्हणजे पाकच झाला की, असं वाटेल. इथे पन्हं आठवा. उकडलेल्या कैरीच्या गरात गूळ घालतो तेव्हा गोडी कैरीच्या आंबटपणावर तोललेली असते. तेवढाच गूळ साध्या पाण्यात घाला, दुसरा घोट घेववत नाही. रिसलिंगमध्ये राखलेलं ते आठ-दहा ग्रॅम आम्ल म्हणजे कैरी. त्याच्या जोरावर ती गोड असूनही चिकट लागत नाही आणि चांगली बाटली वीस-तीस वर्षं टिकते. जुनी होताना तिला चक्क रॉकेलसारखा वास येऊ लागतो. हा दोष की गुण यावर जाणकारांत एकमत नाही, पण ऊन जास्त खाल्लेल्या घडांत तो लवकर आणि जोरात येतो एवढं नक्की.

बाटलीवरचे जर्मन शब्द

'ट्रोकन' म्हणजे कोरडी, गोडवा जवळपास नसलेली. 'काबिनेट', 'श्पेटलेझं', 'आउसलेझं' या तोडणीच्या वेळच्या पक्वतेच्या चढत्या पायऱ्या. 'श्पेटलेझं'चा अर्थ उशिराची तोडणी. १७७५ साली योहानिसबर्गच्या मठाला तोडणीची परवानगी आणणारा घोडेस्वार काही दिवस उशिरा पोचला, तोवर घडांवर बुरशी चढली होती, तरी साधूंनी वाइन केली आणि ती अप्रतिम निघाली, असं तिथे सांगतात. ती बुरशी म्हणजे बोट्रायटिस. ओल राहिली तर घड कुजवणारी हीच बुरशी कोरडी, उन्हाची दुपार मिळाली की मण्यातलं पाणी उडवते आणि रस घट्ट करते. भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्यांत आयुष्य गेलेल्या मामांना हे सांगितलं, तर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

आता तो उणे सातचा व्हिडिओ

त्या वाइनला 'आइसवाइन' म्हणतात. निवडक ओळी तोडायच्या नाहीत; डिसेंबर-जानेवारीपर्यंत घड वेलीवर जाळीत राखायचे. पाखरं खातात, काही कुजतात, सगळंच जाण्याचाही धोका. मग एखाद्या रात्री उणे सात किंवा त्याखाली पारा गेला की पहाटे तोडून गोठलेलेच दाबायचे. मण्यातल्या पाण्याचा बर्फ होऊन दाबयंत्रात मागे राहतो आणि साखर-आम्लाने दाट झालेला थोडासा रस टपकतो. मणी केव्हाच पिकून झालेला, वेल झोपलेली, म्हणून आपल्यासारखा आतून दाब नसतो. तिकडचा मणी तडकला तरी बिघडत नाही, तो खाण्यासाठी नाहीच.

मामांनी लगेच विचारलं, "मग कोल्ड स्टोरेजमध्ये गोठवून का नाही करत?" करता येतं, पण जर्मनी आणि कॅनडाच्या कायद्याने तिला आइसवाइन म्हणता येत नाही, घड वेलीवरच गोठलेला हवा. आणि आता तेच अवघड झालं आहे. २०१९ च्या हंगामात जर्मनीत कुठेही पुरेशी थंडी पडली नाही आणि आइसवाइन झालीच नाही.

हवा तापली तर त्यांचं भलंच नाही का?

काही वर्षं झालंही. पूर्वी दहा वर्षांत तीन-चारदा नीट पिकायची ती आता दरवर्षी पिकते. पण डोळे लवकर फुटू लागले आणि एप्रिलचं दंव मात्र हटलेलं नाही. आम्ल लवकर उतरतं, म्हणून तोडणी अलीकडे ओढावी लागते. पूर्वी नको म्हणून सोडलेल्या थंड, आडबाजूच्या दऱ्यांत आता लोक पुन्हा वेली लावत आहेत.

आपल्याकडे लावावी का?

एक आक्षेप आधी. वाइन म्हणजे दारूच, तिच्यावर कशाला लिहायचं, असं आमच्या घरातली माळकरी मंडळी म्हणतील. आठ टक्के अल्कोहोल हे अल्कोहोलच, त्याला औषध म्हणणं मला मान्य नाही. २०२२ च्या जानेवारीत राज्य सरकारने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याच्या भल्याचं कारण दिलं होतं आणि विरोधही झाला होता. प्यावी की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला काळजी आहे ती लावणाऱ्याची.

रिसलिंग महाराष्ट्रात होतच नाही असं नाही. नाशिकच्या सुलाने ती करून बाजारात आणली आहे. पण आपल्या वाइनच्या बागांत शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, शिराझ याच जाती मुख्य आहेत, आणि ते अनुभवातून ठरलेलं आहे. मराठवाड्यात मण्यात साखर भरते ती फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे दिवसागणिक तापत जाणाऱ्या हवेत. मोझेलमध्ये साखर भरते ती गार होत जाणाऱ्या हवेत. वेल आणता येते, खुंट आणता येतो, टाकी गार करता येते, पण ऋतूची दिशा उलटी करता येत नाही. इथे रिसलिंगची वाइन होईल. ज्या चवीसाठी रिसलिंगचं नाव आहे ती येणं कठीण.

आणि दुसरी गोष्ट पैशाची. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, जवळच्या बाजारात टोपली विकता येते. बीवाल्या, बारीक मण्याच्या रिसलिंगला वाइनरी सोडून गिऱ्हाईक नाही. २००८ नंतरच्या मंदीत राज्यात वाइनरींनी माल उचलला नाही आणि अनेकांनी उभ्या वाइन-बागा तोडल्या. तेव्हा करार कागदावर किती वर्षांचा आहे, भाव कशावर ठरणार, ब्रिक्सवर की आम्लावरही, आणि माल नाकारला तर काय, एवढं लेखी घेतल्याशिवाय खड्डा घेऊ नये. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विचारून यायला एक दिवस लागतो.

मामांनी ऐकून घेतलं, हो-नाही काही म्हणाले नाहीत. पण रात्रीचं तापमान बघत जा, एवढं मी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहिलं. मांडवाच्या अँगलला त्यांनी कमाल-किमान दाखवणारा तापमापक टांगला आणि मण्यात पाणी उतरल्यापासून रोज सकाळी वहीत आकडा टिपू लागले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "रात्री सतरा, दिवसा पस्तीस," वहीतून वाचत ते म्हणाले, आणि मग विचारलं, "तुझ्या त्या मोझेलात ह्या टायमाला किती असतंय?"

पाणी उतरतं तेव्हाचं विचारत असाल तर रात्री आठ-दहा, दिवसा वीसच्या आसपास, मी सांगितलं. पलीकडे वहीवर पेन चालल्याचा आवाज आला.